अजून एकदा दाबा

"अजून एकदा दाबा, सर." माझ्या खुर्चीमागं उभा राहून तो एवढंच म्हणायचा. मी दाबायचो आणि वैतागायचो.

माझा संगणकाचा क्लास होता. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर. पाळी संपवून यायचा, साबणानं दोनदा हात धुवायचा, मगच माऊस धरायचा. माझ्याकडं शिकला आणि वर्षभरात माझ्या पुढं गेला.

विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस. एका भिंतीवर 'झालंच पाहिजे', समोरच्या भिंतीवर 'होऊ देणार नाही'. तो कुठल्या वस्तीतला, हे मला ठाऊक होतं. आम्हा मंडळींना ते न विचारताच कळतं, तुम्हालाही माहीत आहे. आम्ही बोलायचो मात्र फक्त संगणकाबद्दल.

दोन वर्षं खपून त्यानं एक खेळ केला. यादवांचा काळ, देवगिरीखालचं गाव, रणरणतं ऊन. वेशीतून एक तहानलेला माणूस येतो, त्याला दिवस मावळायच्या आत पाणी मिळवून द्यायचं. पडद्यावर एक हात फिरायचा. तो घागरीवर नेऊन दाबा, दोरावर दाबा, विहिरीवर दाबा, पाटी एकच: 'शिवू नको.' मराठी अक्षरंसुद्धा पठ्ठ्यानं ठिपक्याला ठिपका जोडून काढली होती.

"अरे बाबा, तुझा हात बिघडलाय," मी म्हणालो.

"हात चांगला हाय, सर. अजून एकदा दाबा."

"काय करायचं ते सांग तरी!"

"सांगून कळलं असतं तर खेळ कशाला केला असता?"

पुण्याची एक कंपनी खेळ विकायला घेणार होती, पण संगणकाच्या मासिकात बरा अभिप्राय आला तरच. त्या भरवशावर यानं नोकरी सोडली. घरी बायको, दोन लेकरं. मी कपाळावर हात मारला.

अभिप्राय आला. चित्रांचं कौतुक दीड ओळ. पुढं लिहिलं होतं, हात कशालाच लागत नाही, खेळ सदोष आहे, वेळ घालवू नये. मागोमाग कंपनीचं पत्र: हात दुरुस्त करून आणा, मग बघू.

"लई आशा लावली व्हती, सर," तो म्हणाला. 

"मग कर ना दुरुस्त, लेका! चार ओळींचं काम."

त्या दिवशी तो हात न धुताच बसला. दुपारभर बसला. एक अक्षर बदललं नाही.

"नाय होत, सर. पहिल्याच दाबाला पाणी दिलं तर खोटं व्हईल."

फ्लॉपी माझ्या टेबलावर ठेवून तो उठला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तरी 'थांब' म्हणालो नाही.

तो पुन्हा आला नाही. आठवड्यानं त्याच्या वस्तीत गेलो तर घराला कुलूप. कुठं गेला, कुणालाच धड सांगता येईना.

पुढं नामांतर झालं. त्या संध्याकाळी वस्तीत फटाके वाजत होते, माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होती. त्या गर्दीत मी त्याला शोधलं. नाही सापडला.

क्लासात येऊन फ्लॉपी घातली. विहिरीवर दाबत सुटलो. शिवू नको. शिवू नको. शिवू नको. बोट दुखायला लागलं. आणि एकदा पाटी आलीच नाही. हात सरळ पाण्यात गेला. दुसरा हात आला, ओंजळ झाली. तो माणूस पाणी प्यायला, पोटभर.

इथवर आम्ही कुणी दाबलंच नव्हतं. मी त्याला सांगायला म्हणून खुर्चीमागं वळलो.