साडूंचं खाजगी हवामान

माझ्या साडूंनी आजवर वर्तवलेला हवामानाचा एकही अंदाज खरा ठरलेला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. माणूस नुसतं नाणं उडवून बोलला तरी निम्म्या वेळा बरोबर ठरतो. साडू तेवढेही ठरत नाहीत. इतकं सातत्याने चुकायला अंगात काहीतरी दैवी असावं लागतं, आणि ते त्यांच्यात आहे. बरं, चुकून गप्प बसतील तर शपथ. आपला अंदाज बरोबरच होता, आकाशाने ऐन वेळी शब्द फिरवला, अशी त्यांची कायमची भूमिका असते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जन्मभर एका कारखान्यात तपासनिसाच्या खुर्चीवर बसून त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या नटबोल्टांत खोट काढली. निवृत्त झाल्यावर नटबोल्ट संपले, आणि आता कशात खोट काढावी म्हणून मान वर केली तर आकाश दिसलं. त्याच सुमारास डॉक्टरांनी रक्तात साखर वाढल्याचं सांगून रोज चालायला सांगितलं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून साडूंनी सायकल घेतली. कुणी सांगितलेलं जसंच्या तसं करणं त्यांना कमीपणाचं वाटतं. सायकलही अशी तशी नाही. तिची सीट माझ्या छातीला लागते, आणि तिला ना कॅरियर, ना मडगार्ड, ना स्टँड. एवढ्या किमतीत यातलं काहीच कसं देत नाहीत, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे खोटा बोल्ट पाहावा तसं पाहिलं आणि म्हणाले, "अहो, वजन कमी व्हायला हवं ना." स्वतःच्या पोटाकडे मात्र त्यांनी त्या दृष्टीने कधी पाहिलेलं नाही. त्या पोटावर दर रविवारी ते एक तंग, पोपटी, चकाकणारा सदरा चढवतात आणि वारज्याच्या त्यांच्या सोसायटीतून असे बाहेर पडतात की वॉचमन अदबीने तोंड फिरवतो. त्या अदबीमागे हसू असतं, हे साडूंना अजून कळलेलं नाही.

मोबाइलवर दिसणाऱ्या हवामानाचा ते मनापासून तिरस्कार करतात. "ते यंत्र दिल्लीत बसून सांगतं. मी गॅलरीत उभा राहून सांगतो," हा त्यांचा युक्तिवाद. गॅलरीतून सिंहगड कसा दिसतो यावर त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे. गड स्पष्ट दिसला तर पाऊस नाही. गड दिसलाच नाही तर तो धुरकट हवेमुळे, म्हणून पाऊस नाही. अर्धवट दिसला तर चष्मा पुसायचा आणि मग पाऊस नाही. शनिवारी संध्याकाळी ते मला सदाशिव पेठेत फोन करून उद्याचा अंदाज सांगतात. मी विचारलेलं नसतं. "उद्या कोरडं. लिहून घ्या," म्हणतात. मी फोन ठेवतो आणि छत्री शोधायला लागतो. त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा विश्वासाने त्यांना विचारून गच्चीत कुरडया घातल्या आणि दुपारी वळवाने त्यांचं पिठलं करून टाकलं. त्या काकू अजूनही दर उन्हाळ्यात न चुकता त्यांना विचारतात. साडू "बिनधास्त घाला" म्हणाले की त्या कुरडयांचा बेत रद्द करतात, आणि साडूंनी तोंड वाकडं केलं की चीक शिजायला ठेवतात. त्यांचं वाळवण तेव्हापासून भिजलेलं नाही. साडू सोसायटीत सांगतात की काकूंचा आपल्यावर फार विश्वास आहे.

सुरुवातीला त्यांच्याबरोबर आयटीतल्या मुलांचा एक जथा असायचा. मुलं विदर्भाकडची, घरापासून लांब, आदबशीर. वडीलधाऱ्या माणसाचं ऐकावं अशा भाबड्या संस्कारात वाढलेली. एका पहाटे त्यातला एक जण भीत भीत म्हणाला, "काका, ॲप तर येलो अलर्ट दाखवतंय." साडू म्हणाले, "ॲपला म्हणावं, बाहेर येऊन बघ." त्या दिवशी मुळशीच्या रस्त्यावर त्या मुलांचे मोबाइल, पाकिटं आणि बूट अशा क्रमाने सगळं पाण्यात गेलं. पुढच्या रविवारी निम्मी मुलं आजारी होती, त्याच्या पुढच्या रविवारी उरलेल्यांच्या ऑफिसात अचानक रविवारचं काम निघालं. साडू म्हणाले, "हल्लीच्या पिढीत दम नाही." मुलं अजून सायकल चालवतात, मी त्यांना कर्वे रस्त्यावर पाहिलं आहे. फक्त ती आता साडूंच्या गॅलरीतून दिसणार नाहीत अशा वाटेने जातात.

जथा पांगल्यावर त्यांची नजर माझ्यावर पडली. बायकोच्या आग्रहाखातर मी एकदा, एकदाच, भाड्याची सायकल घेऊन त्यांच्याबरोबर खडकवासल्यापर्यंत गेलो. एप्रिलचा महिना होता. धरणापाशी पोचलो तेव्हा आकाश वांग्याच्या रंगाचं झालं होतं. मी ते त्यांच्या निदर्शनास आणलं. "ते पानशेतकडचं आहे. आपलं नाही," ते म्हणाले. आकाशातही हद्दी असतात हे मला तेव्हा कळलं. पाव तासात गारा सुरू झाल्या. एका बसथांब्याखाली आम्ही दोघं अंग चोरून उभे होतो, पत्र्यावर ताशा वाजत होता, आणि माझ्या डोक्याला आलेलं टेंगूळ चाचपत मी शक्य तितक्या सौम्यपणे विचारलं, "काय हो, पाऊस नाही म्हणाला होतात ना?" साडूंनी हेल्मेटवरच्या गारा झटकल्या आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या खचाकडे बोट दाखवलं. "याला कोणी पाऊस म्हणेल का? पाऊस पाण्याचा असतो."

असा हा माणूस. माझं आणि त्यांचं एवढ्यावरच राहिलं असतं. मी त्यांची टिंगल करायची, त्यांनी मला शनिवारी फोन करायचा, आणि दोघांनी म्हातारं व्हायचं. पण मध्ये ताईंचे डोळे गेले.

ताई म्हणजे त्यांच्या पत्नी, माझ्या बायकोची बहीण. पुण्याच्या गर्दीत स्कूटर चालवावी तर ताईंनी. लक्ष्मी रस्त्यावर दिवाळीच्या आदल्या दिवशी गाडी घालून पाय न टेकवता बाहेर पडणारी दुसरी व्यक्ती मी पाहिलेली नाही. काचबिंदू आतल्या आत पसरत होता आणि त्यांना वाटत होतं की चष्म्याचा नंबर बदलला असेल. कळलं तेव्हा उशीर झाला होता. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. ताई घरात बसल्या, आणि साडूंनीही सायकल गॅलरीत उलटी टांगून ठेवली. शनिवारचे फोन बंद झाले. मी सुटलो म्हणायला हवं होतं, पण दोन-तीन शनिवार गेल्यावर मीच फोन करून विचारलं, "उद्या काय म्हणतंय आकाश?" ते म्हणाले, "पाहिलं नाही."

ताईंनीच शेवटी माझ्या बायकोला सांगितलं, "हे घरात बसले तर मी वेडी होईन. दिवसभर माझ्यामागे चहा घेऊ का, पाणी देऊ का. यांना बाहेर काढा कोणीतरी." बाहेर कसं काढायचं यावर आम्ही विचार करत होतो तोवर साडूंनी स्वतःच एक उपाय घरी आणला. दोघांनी मिळून चालवायची जोडसायकल. पुढे एक सीट, मागे एक सीट, दोन्ही पॅडलं एकमेकांना साखळीने जोडलेली. कोथरूडच्या एका जोडप्याने हौसेने परदेशातून आणली होती, आणि दुसऱ्याच फेरीनंतर त्या जोडप्याचं एकमेकांशी बोलणं बंद झाल्यामुळे ती विकायला निघाली होती. यातून साडूंनी काही बोध घ्यायला हवा होता.

आमच्या घरात हलकल्लोळ झाला. बायको रडायला लागली. मी म्हणालो, यमाला एका फेरीत दोन माणसं न्यायची चांगली सोय झाली. वारज्याला जाऊन आम्ही ताईंना समजावलं, की अहो, या माणसाला समोरचं आकाश कळत नाही, त्याच्या मागे तुम्ही डोळे नसताना बसणार? ताई शांतपणे म्हणाल्या, "संसारात इतकी वर्षं मागेच बसले आहे. इथे निदान पॅडल माझ्याही पायाखाली असेल."  बायकोने फक्त एक अट घातली. सायकलच्या मागे स्कूटरवरून मी जायचं. माझं मत कोणी विचारलं नाही.

तेव्हापासून मी रविवारी सकाळी स्कूटरवर बसून सायकलच्या वेगाने जातो. मागचे लोक हॉर्न वाजवतात आणि पुढे जाताना वळून माझ्याकडे दयेने बघतात. पुढे साडूंचा पोपटी सदरा आणि त्यांच्या मागे ताई, पंजाबी ड्रेस, काळा चष्मा, ताठ मान. पहिल्या काही फेऱ्या बऱ्या गेल्या. मग ऑक्टोबर आला. परतीचा पाऊस रेंगाळलेला होता, आणि साडूंना त्यांचा जुना आवाज परत मिळाला होता. "आज कोरडं," ते म्हणाले. मी रेनकोट डिकीत टाकला.

पानशेतच्या रस्त्यावर, धरणाचं पाणी उजव्या हाताला ठेवून आम्ही चाललो होतो. घामट, गच्च हवा होती. मी त्यांच्या अगदी जवळून जात होतो, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"वारा फिरला," ताई म्हणाल्या.

"काही फिरला नाही. वळण आलंय म्हणून तसं वाटतं."

"मातीचा वास येतोय."

"कोणीतरी भाताला पाणी सोडलं असेल."

"अहो, थांबा."

"त्या पुढच्या मोठ्या झाडापाशी थांबू. सावली आहे."

ताईंनी वाद घातला नाही. त्यांनी पॅडलवरचे पाय नुसते रोखून धरले. साखळी एकच, त्यामुळे साडूंचेही पाय जागच्या जागी अडकले आणि सायकल डुलत डुलत थांबली. डाव्या हाताला बंद असलेलं एक भजीचं दुकान होतं. साडू कुरकुरत होते, तोवर ताई उतरल्याही होत्या. मी त्यांना हात देऊन पत्र्याखाली नेलं. सायकल भिंतीला लागते न लागते तोच वादळ आलं. समोरचं पाणी दिसेनासं झालं, माझी स्कूटर आडवी झाली, आणि मग त्या सगळ्या आवाजाच्या वर एक वेगळाच, लाकूड उभं चिरल्यासारखा आवाज आला. पुढचं ते मोठं झाड मुळासकट रस्त्यावर आडवं पडलं होतं. ज्या सावलीत आम्ही थांबणार होतो, तिथे आता नुसत्या फांद्या होत्या.

साडू बघत राहिले. 

"अहो, काय पडलं?" ताईंनी विचारलं.

"काही नाही. एक फांदी," साडू म्हणाले. त्यांनी ताईंची ओढणी पिळून त्यांच्या खांद्यावर नीट ठेवली, आणि हात तिथेच राहू दिला.  मग, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "अंदाज जरासा चुकला."

मी आडवी झालेली स्कूटर उभी केली. 

त्यानंतर हवामानाचं खातं ताईंकडे गेलं. त्या गॅलरीत उभ्या राहून हवा हुंगतात आणि सांगतात, आणि ते बरोबर निघतं. खालच्या काकूंची त्यामुळे पहिल्या उन्हाळ्यात फार पंचाईत झाली. साडूंकडे आता वर्णनाचं खातं आहे. सायकल चालवताना ते ताईंना सतत सांगत असतात, उजवीकडे काय, डावीकडे काय. मी मागून ऐकतो आणि माझं डोकं फिरतं. जिथे टेकडी खरवडून इमारती उभ्या राहत आहेत, तिथे हे "सगळं हिरवंगार आहे" म्हणून सांगतात. जिथे प्लॉट विकण्याच्या पाटीवर पाटी लागली आहे, तिथे यांना भाताची खाचरं दिसतात. मागच्या महिन्यात त्यांनी भर रस्त्यात मोर दाखवला. ती कोंबडी होती.

धरणाच्या भिंतीपाशी चहा घ्यायला थांबलो होतो. साडू कपबशा आणायला गेले तेव्हा मला राहवलं नाही. "ताई," मी म्हणालो, "ते सांगतात तसं तिथे फारसं काही उरलेलं नाही."

"माहीत आहे मला," ताई म्हणाल्या. "काँक्रीटच्या मिक्सरचे आवाज येतात की. डोळे गेलेत, कान नाही गेले."

"मग त्यांना थांबवत का नाही?"

ताईंनी पायाने चाचपून बाकाची कड शोधली आणि बसल्या. "गेल्या वर्षी त्यांच्या छातीत दुखलं होतं. मला सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं. आता विचारलं तर म्हणतात, मी ठणठणीत आहे. चेहरा तर मला दिसत नाही." त्यांनी काळा चष्मा काढून पुसला आणि परत घातला. "बोलत असले की श्वास ऐकू येतो. दम लागला की लगेच कळतं. म्हणून विचारत राहते."

साडू चहा घेऊन आले. ताईंच्या हातात कप देताना म्हणाले, "पलीकडच्या काठावर बगळ्यांचा थवा उतरलाय." मी पलीकडे पाहिलं. सिमेंटच्या गोण्या रचून ठेवल्या होत्या. "किती आहेत?" ताईंनी विचारलं. "मोजता येणार नाहीत इतके," साडू म्हणाले.

परत निघालो. ती दोघं पुढे, मी मागे. ऊन तापायला लागलं होतं आणि रस्ता मोकळा होता, म्हणून त्यांचं बोलणं माझ्यापर्यंत येत होतं. चढ लागला तसं साडूंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"अहो," ताईंनी विचारलं, "आता काय दिसतंय?"

उत्तर आलं नाही. मी स्कूटर आणखी हळू केली.

"सांगतो," साडू म्हणाले. "जरा वर पोचू दे."

 ताईंचे पाय आधी त्याच वेगाने फिरत होते, मग थोडे संथ झाले, मग आणखी थोडे, आणि साडूंच्या लक्षातही न येता ती लांबलचक सायकल चालत्या माणसाच्या वेगाने चढ चढू लागली.