एका बटणात संपलेलं पान

शर्टांच्या कारखान्यात बटणं लावायच्या खोलीत तेरा बायका बसायच्या आणि त्यांतल्या बाराच सुई धरायच्या. तेरावी वाचायची. तिला सगळ्या वाचनबाई म्हणत. पद्धत जुनी होती: वाचणारीच्या वाट्याचे शर्ट ऐकणाऱ्यांनी वाटून घ्यायचे, प्रत्येकीने चार-चार जास्त. संध्याकाळी शर्ट पुरे भरले की मालकाला बाकी कशाशी देणंघेणं नव्हतं.

वाचनबाईंचा आवाज खणखणीत, आणि तोरा त्याहून. कुणी शिंकलं तरी डोळे वटारायच्या. कुणी मधेच कुजबुजलं की पुस्तक फटकन मिटायचं, तेही नेमकं कुणाच्या तरी गळ्याशी सुरी आलेली असताना. मग सगळ्यांनी विनवण्या करायच्या, कुजबुजणारीने माफी मागायची, बाईंनी सावकाश पाण्याचे दोन घोट घ्यायचे, आणि मगच त्या गळ्याचं काय ते ठरायचं. अकरा वर्षं हा कारभार बिनबोभाट चालला होता.

या तोऱ्यामागे एक दुखणं होतं, तेही सांगायला हवं. बाईंची बोटं चार वर्षांपासून आखडली होती. दोरा ओवणं दूरच, सुई चिमटीत धरणंही जमत नव्हतं. वाचन गेलं की नोकरी गेली. सून स्वभावाने चांगली होती, पण दिवसभर तिच्या घरात सोफ्याच्या कोपऱ्यात बसून राहायचं, हा विचारच बाईंना नको व्हायचा.

त्यात धाकटीने रेडिओ आणला. धाकटी म्हणजे खोलीतली सगळ्यात नवी, दोन मुलांची आई, तोंडाने फटकळ. जेवणाच्या सुट्टीत ती म्हणाली, “हा रुसत नाही, आणि ह्याच्या वाटणीचे शर्टही करावे लागत नाहीत.” बायका हसल्या. वाचन की रेडिओ, ते सोमवारी सगळ्यांनी मिळून बघू, असं ठरलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण डबा तसाच घरी नेला.

त्या आठवड्यात एका राणीची काळीकुट्ट कादंबरी चालू होती. लहानपणी धान्याच्या कोठारात कोंडलेली पोर मोठी होऊन राज्यातल्या सगळ्या कोठारांच्या किल्ल्या कमरेला लावते, भावांचा काटा काढते, नवऱ्याला वेडा ठरवते आणि जो तोंड वर करून बोलेल त्याचं धान्य बंद करते. बाई तिला वाचता वाचता शिव्यांची लाखोली वाहायच्या. “काय बया आहे! माणसांचा जीव असा टांगणीला लावतं का कुणी?” असं म्हणून पान उलटायच्या आधी त्या मुद्दाम चष्मा पुसत बसायच्या. खाली मान घालून दोरा दाताने तोडणं, एवढीच बाराजणींना हसू लपवायची सोय होती.

शुक्रवारी दुपारी ते पान आलं. राणी अंथरुणाला खिळते, आणि एका सकाळी तिच्या दासी किल्ल्या उशाशी ठेवून निघून जातात. बाईंच्या डोळ्यांनी ओळ आधीच वाचली. मग त्यांनी जन्मात केलं नव्हतं ते केलं. “दासींनी तिची मरेपर्यंत सेवा केली,” असं ठोकून दिलं, उरलेलं अर्धं पान गिळलं आणि पुढचं काढलं.

पण ऐकणाऱ्यांच्या हातांत बाईंचं वाचन मुरलेलं होतं. एक पान म्हणजे दोन बटणं. कितीतरी पुस्तकं झाली, त्यात कधी फरक पडला नव्हता.

“एका बटणात पान संपलं?” आक्काने विचारलं. आक्का आणि बाई एकाच दिवशी कामाला लागलेल्या.

“लहान होतं,” बाई म्हणाल्या.

“असं होय? आणि दासी खरंच थांबल्या?”

पुढची थाप ओठांवर तयार होती. पण समोर बारा सुया थांबल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या शेजारी बाईंच्या वाटणीचे चार शर्ट पडले होते. इतक्या वर्षांत बाईंनी त्या शर्टांकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“नाही,” त्या म्हणाल्या. “गेल्या. सगळ्या गेल्या.” आणि खाली बघत, “तुम्हीही सोमवारी रेडिओच लावणार ना?”

“आधी पान नीट वाच,” आक्का म्हणाली.

बाईंनी पान मागे उलटलं. राणीच्या हाका, उघडं दार, आणि एकीनेही मागे वळून न बघणं, सगळं वाचलं. राणीने केलं ते वाईटच होतं, तरी बाईंना तिची भयंकर कीव येत होती.

“वाईट होती मेली,” धाकटी नाक पुसत म्हणाली, “पण एकटी पडली हो.”

मधेच बोलली! सगळ्यांचे डोळे पुस्तकावर गेले. बाईंनी ते उघडंच ठेवलं.

“पुढे वाचू का?” त्यांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता, आणि विचारताना त्या घाबरल्या होत्या.

आक्काने नवा शर्ट ओढला. “वाच,” ती म्हणाली. “आणि सोमवारीही तूच वाच.”