दामूदादाच्या होडीची स्प्रिंग

मागितलेलं मिळालं नाही म्हणून देवावरचा विश्वास डळमळतो, असं लोक सांगतात. माझा डळमळला तो मिळत होतं म्हणून. चार महिने दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाऊन मी एकच मागत होतो, की माझी एक गोष्ट कुणाला कळू नये. आणि ती कळत नव्हती. असल्या मागण्याला होकार देणारा हा देव तरी कसला, असं मनात येई आणि गाभाऱ्यासमोर उभं राहवेनासं होई. मी मुळात कमी बोलणारा माणूस. हे तर घरीसुद्धा बोललो नव्हतो. आज लिहितो.

कोथरूडला माझं दुचाकी दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. ब्रेक, केबल, ॲक्सिलरेटर यातच तीस वर्षं गेली. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचा भाऊ, दामूदादा, कोकणात मासेमारी करतो. जाळं ओढताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून त्यानं होडीच्या इंजिनाला पायानं दाबायचा ॲक्सिलरेटर बसवून घेतला होता. पाय दाबला की होडी वेग घेते, पाय उचलला की स्प्रिंग पेडलला मागे आणते आणि इंजिन मंदावतं. सगळी भिस्त त्या बोटभर स्प्रिंगवर. गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी तो बहिणीकडे आला, तेव्हा ते पेडल तपासायला माझ्याकडे घेऊन आला. मी केबलची तार बाहेर ओढून तिचा एकेक पदर पाहिला, सांध्यातला ढिलेपणा काढला, ग्रीस भरलं. स्प्रिंग मात्र ढिली पडली होती. तिथे समुद्रावर न गंजणारी, स्टेनलेसचीच हवी. ती आणायला नाना पेठेत जायचं तर अर्धा दिवस मोडणार, आणि दुकानापुढे पावसानं बंद पडलेल्या स्कूटरची रांग. मी डब्यातून स्कूटरच्या ब्रेकची साधी स्प्रिंग काढली आणि बसवून टाकली. पुण्याच्या हवेत ती वर्षानुवर्षं टिकते. दामूदादानं पाय ठेवून दोनदा दाबून पाहिलं नि विचारलं, "मिस्त्री, खाऱ्या पाण्याला चालेल ना?"

"चालेल," मी म्हणालो.

विसरलो नव्हतो. मला माहीत होतं. एवढं एक वाक्य लिहायला मला इतके दिवस लागले.

दिवाळीनंतर त्याची बहीण दुकानात आली आणि तिनं सांगितलं, की खाडीच्या तोंडाशी स्प्रिंग तुटली, पाय उचलला तरी पेडल खालीच राहिलं, होडी खडकावर चढली आणि दादाचा गुडघा फुटला. मी "अरेरे" म्हणालो आणि समोरच्या गाडीचा प्लग काढायला घेतला. संध्याकाळी देवळात गेलो. तिथून ते मागणं सुरू झालं. बायको एकदा म्हणाली, "अहो, इतके खेटे घालताय, देवालाच आता तुमची काळजी लागली असेल." मी हसण्यावारी नेलं.

होळीनंतर दामूदादा स्वतः आला, लंगडत. पिशवीतून पेडल काढलं आणि गंजलेल्या स्प्रिंगचे दोन तुकडे माझ्या टेबलावर ठेवले. वाटलं, आता विचारणार. तो म्हणाला, "मिस्त्री, तुमचं काम चोख होतं. चूक माझी. प्रत्येक फेरीनंतर गोडं पाणी मारून धुवायला पाहिजे, ते चार-सहा दिवस राहिलं. बायको रोज ऐकवते, की ज्याला पेडल सांभाळता येत नाही त्यानं दर्यावर जाऊ नये. तिचंही खरं. आता माझाच माझ्या हातावर भरवसा राहिला नाही. रविवारी गिऱ्हाईक येणार आहे. हे नीट करून द्या, होडी विकून टाकतो."

मी पेडल हातात घेतलं. त्याच दुपारी नाना पेठेतून चांगली स्प्रिंग आणली, बसवली, शंभरदा पेडल दाबून सोडून पाहिलं. तुकडे मात्र हळूच खिशात घातले. पुरावा म्हणून नव्हे, पुरावा राहू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला स्कूटरवर बसवून स्वारगेटला सोडायला गेलो. मनात हिशेब सरळ होता. तो गाडीत बसेल, रविवारी होडी विकेल आणि हा विषय कायमचा संपेल. पण गाडी लागलीच नव्हती. चौकशीच्या खिडकीतून उत्तर आलं, "पंक्चर आहे. आली की दिसेलच, एवढी मोठी असते." आम्ही बाकावर बसलो. शेजारी मंडईतून आलेली एक म्हातारी झेंडूच्या पोत्याला टेकून बसली होती. तिनं दामूदादाचा पाय पाहिला.

"काय झालं रं बाबा गुडघ्याला?"

त्यानं सगळं सांगितलं. गोडं पाणी, गंज, स्वतःची हयगय, होडीचं गिऱ्हाईक. सांगताना एकदाही माझ्याकडे बोट दाखवलं नाही. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून सहज विचारलं, "आन् तुमी ह्यांचे कोण?"

कुणीही विचारावं असा प्रश्न. मित्र म्हणू? ओळखीचा? मिस्त्री? एकेक शब्द तोंडापर्यंत येऊन परत जात होता. मग खिशातले तुकडे मी बाकावर ठेवले. "दादा, ही स्कूटरची स्प्रिंग आहे. मी बसवली. गंजणार हे माहीत असून बसवली. तुम्ही रोज धुतली असती तरी ती तुटलीच असती."

त्यानं दोन्ही तुकडे उचलून एकमेकांना जुळवून पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे चार महिने बायकोच्या शिव्या मी फुकटच खाल्ल्या?" पण तो हसत नव्हता. त्यानं फोन लावून माझ्या हातात दिला. "मला सांगितलंत तस्संच सांगा तिला."

मी सांगितलं. "वहिनी?" मी म्हणालो. "ऐकतेय," ती म्हणाली. "तुमचं नंतर बघते. आधी यांना द्या." तिचं बोलणं ऐकताना दामूदादानं पाठ फिरवली. खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं. "नाही गं," एवढंच मला ऐकू आलं. "आता कशाला विकतो?"

तेवढ्यात सासवडची गाडी लागली आणि म्हातारी पोतं ओढत त्या गर्दीत चढलीसुद्धा. तिनं मला पोत्याला हातही लावू दिला नाही. ती कोण होती याचा शोध मी घेतला नाही. झेंडू घेऊन सासवडला जाणारी बाई होती, आणि गाडी पंक्चरच झाली होती. पण तो एक तास मला कुणी दिला, हे विचारलं की आजही माझे हात आपोआप जुळतात. देवानं माझं मागणं चार महिने ऐकलं असं मी समजत होतो. तो फक्त थांबला होता.

शरण जाणं म्हणजे आपलं ओझं देवाच्या पायाशी टाकून मोकळं घरी यायचं, असंच मी धरून चाललो होतो. माझं ओझं ज्याच्या डोक्यावर होतं, त्याच्यासमोर देवानं मला नेऊन बसवलं. दामूदादा आता परत दर्यावर जातो, असं बहीण सांगते. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलेलं नाही. गुरुवारी देवळात जातो तेव्हा तेही मागत नाही. ते दामूदादानं द्यायचं की नाही, कधी द्यायचं, हे त्याच्याकडे आहे. तिथंच असू दे.