नानांची फाईल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी तरी बोलता येईल असं वाटतंय. बघू.

धुळ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, लग्नपत्रिका. नाना आमच्याच गल्लीतले, निवृत्त ग्रामसेवक. नोकरीत गावोगाव फिरताना अहिराणी शब्द गोळा करायचे — शेतातले, चुलीपाशचे, अगदी शिव्यासुद्धा. निवृत्तीनंतर अकरा वर्षं घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका बोटाने टाइप करत बसले. एक वही टाइप झाली की ती रद्दीत. आता कॉम्प्युटरमध्ये आहे ना, म्हणायचे.

माझा त्यांच्यावर राग होता. कशाचा? एकदा चार गिऱ्हाइकांसमोर त्यांनी मी केलेल्या पत्रिकेतल्या चुकलेल्या वेलांट्या दाखवल्या. हसून, मायेनेच. बस, एवढंच. याहून मोठं कारण मला अजून सापडलेलं नाही — शोधलं नाही असं नाही.

मग त्यांचा कॉम्प्युटर बंद पडला. मुलीने, सुनंदाताईने, नवा लॅपटॉप दिला. फाईलची एकच प्रत पेनड्राइव्हवर वाचली होती; ती लॅपटॉपला लावून उघडली तर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. नाना घाबरून पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे आले.

मला एका नजरेत कळलं. जुन्या मराठी फॉन्टचं असंच असतं — आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना मराठी आकार चढवतो. फॉन्ट नसला की आतलं उघडं पडतं. शब्द कुठेही जात नाहीत. फॉन्ट टाकायचा, मग सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यायचं — तिथे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, मग कुठल्याही मशीनवर उघडा. दहा मिनिटांचं काम.

“नाना, फाईल खराब झाली,” मी म्हटलं.

“बठ्ठं गयं का, बेटा?”

“सगळं.”

ते स्टुलावर बसून राहिले. मग स्क्रीनवर बोट ठेवून एकेक चिन्ह वाचायला लागले, जणू हळू वाचलं तर लागेल. आणि मला — हे लिहायलाच एवढा वळसा घातला — मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवलं होतं का? नाही. व्हायरस आहे म्हणत मी फाईल माझ्याकडे उतरवली आणि पेनड्राइव्ह पुसून दिला. ते गेल्यावर फॉन्ट टाकून पाहिला. मराठी अक्षरं उभी राहिली. बंद करून टाकलं.

पुढे दोन वर्षं दर मंगळवारी नाना यायचे, आठवतील ते शब्द सांगायचे, मी टाइप करायचे. खळ्यात मळणीनंतर उरलेल्या दाण्यांना काय म्हणतात, ते एकदा आठवेना. डोळे मिटून बसले. मी कीबोर्डवर बोटं ठेवून वाट पाहत राहिले. फाईल त्याच मशीनमध्ये होती. “जाऊ दे,” शेवटी म्हणाले, “मन्हं डोकं गयं.” मी हो ला हो केलं.

ते गेले. सुनंदाताईने वर्षश्राद्धाला जेवढे जमले तेवढ्या शब्दांची पातळशी पुस्तिका छापली. पहिल्या पानावर माझे आभार — माझ्या चिकाटीबद्दल. प्रत द्यायला आली तेव्हा तिने विचारलं, “बाबांचं जुनं काही राहिलंय का गं तुझ्याकडे?”

“नाही ताई.”

ती रिक्षात बसेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन फाईल काढून टाकली — कधी कुणाच्या नजरेस पडेल म्हणून.

त्यात किती शब्द होते, कुठले होते, मला सांगता येणार नाही. मी ती कधी वाचलीच नव्हती.