मस्कत द्राक्षं आणि घरचं नाक

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. तिच्या पगाराचा नाही, दादरच्या फ्लॅटचा नाही, केसांचा थोडासा. खरा हेवा तिच्या नाकाचा. परदेशी वाईन मागवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला आहे. हॉटेलांतल्या लोकांना वाईन कशी ओळखायची आणि कशाबरोबर द्यायची, ते शिकवते. म्हणजे दिवसभर ग्लासात नाक खुपसून बसते आणि वर त्याचा पगार घेते.

नाक हा आमच्या घरात माझा प्रांत होता. लालबागच्या घरी लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच गौरीला मला चुलीपाशी उभं केलं. आमच्याकडे गौरीचा नैवेद्य देवीला दाखवण्याआधी जिभेला लावायचा नाही. मुद्दाम हुंगायचाही नाही. पण वाफ वर येते तेव्हा श्वास तर घ्यावाच लागतो ना. त्या श्वासात मला मीठ कळायचं. भाजीत नारळ जुना पडलाय, वाटपात धणे कच्चे राहिलेत, सगळं कळायचं. कोळीण दारात पाटी उतरवायची तेव्हा सासूबाई स्वतः मासा उचलायच्या नाहीत, मला हाक मारायच्या. चाळीतल्या बायका मसाला भाजताना मला बोलावून न्यायच्या. मी मिरवायचे. का मिरवू नये?

मग करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी मला ताप आला. ताप गेला, जिभेची चव परत आली, वास मात्र आला नाही. खारट, आंबट, गोड, कडू एवढं जिभेला कळतं. पण लसणाची फोडणी आणि चहा यांत नाकाच्या दृष्टीने काही फरक नाही. मी घरात कुणालाच बोलले नाही. नवऱ्याला वाटलं, मी हल्ली अगरबत्ती फार लावते. नैवेद्याचं मीठ मी चमच्याने मोजून घालायला लागले, आणि सासूबाई एकदा म्हणाल्या, "मीठ हल्ली जपान घालतंस गो." मी चमचा पदराखाली घेतला.

यंदा आषाढात जाऊ सहज बोलून गेली, "आई, या गौरीला नैवेद्याचं मी बघू का? वहिनींना जरा आराम." आणि सासूबाई, ज्यांनी एवढ्या वर्षांत माझ्याशिवाय कुणाला त्या शेगडीपाशी फिरकू दिलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "बघुया."

त्या 'बघुया'ने मी दोन रात्री तळमळत होते.

श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी तिने आम्हा सगळ्यांना घरी बोलावलं. म्हणाली, नंतर महिनाभर कुणी ग्लासाला हात लावणार नाही, आत्ताच या. कोकमाचं सोरकूल आणि तळलेली सुरमई मीच करून नेली, कारण रिकाम्या हाताने तिच्याकडे जायचं म्हणजे नाक मुठीत धरून जाण्यासारखं. टेबलावर तीन बाटल्या होत्या आणि एका ताटात काळसर जांभळी द्राक्षं. "माटुंग्याच्या मार्केटमधून आणली," ती म्हणाली. "तिथे पन्नीर द्राक्षं म्हणतात. पन्नीर म्हणजे गुलाबपाणी. हे मस्कत."

"मस्कतला माझा मामा होता," माझा नवरा म्हणाला. "एसी रिपेअर करायचा."

"त्या शहराचा काही संबंध नाही, भाऊजी," ती हसून म्हणाली आणि सुरू झाली. मस्कत ही एक जात नाही, मोठं गोत आहे. पांढरी, गुलाबी, काळी, बारीक दाण्याची, टपोरी, सगळी एकमेकांची नातलग. फार जुनी. बाकीच्या द्राक्षांची वाईन केली की तिला पेरूचा वास येतो, मिरीचा येतो, चामड्याचा येतो, फक्त द्राक्षाचा येत नाही. "मस्कत एकटीच अशी, जिच्या वाईनला द्राक्षाचा वास येतो," ती म्हणाली. "ती दुसऱ्या कशासारखी होतच नाही."

मग तिने एक द्राक्ष नाकाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "गुलाब. संत्र्याचं फूल. थोडा मध." माझा दीर, म्हणजे तिचा नवरा, तिच्याकडे असा बघत होता की मला नजर वळवावी लागली. मीही द्राक्ष नाकाशी धरलं. गार होतं, एवढंच कळलं. "छान," मी म्हटलं. माझ्या आवाजात काय होतं ते मलाच ऐकू आलं.

पहिल्या बाटलीतली वाईन तिने सगळ्यांना थोडी थोडी ओतली. फिकट, जवळजवळ पाण्यासारखी. "आधी वास घ्या, मग घोट. मग मला एवढंच सांगा, गोड आहे की नाही. मी काही बोलणार नाही."

सासूबाईंनी पदर सावरला, औषध घ्यावं तशी मान मागे टाकून घोट घेतला आणि म्हणाल्या, "गोड आसा. गुलाबाच्या सरबतासारखी लागता." दीर म्हणाला गोड. नवरा म्हणाला, गोड, पण बायकांसाठी ठीक आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि जाऊही, ग्लास हातात फिरवत. मला वाटलं, ही परीक्षा माझ्याचसाठी मांडलीय. तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्लासात नाक घातलं, तिच्यासारखे डोळे मिटले, मोठा श्वास घेतला, आत काहीच गेलं नाही. मग घोट घेतला.

"गोड कुठली?" मी म्हटलं. "आंबट आहे. गिळल्यावर जरा कडवट. साखरेचा कणही नाही."

कुणीतरी हसलं. जाऊ हसली नाही. तिने बाटली फिरवून आमच्याकडे केली. "वहिनी बरोबर आहेत. ही कोरडी मस्कत. यात साखर उरूच देत नाहीत. पण वास इतका गोड असतो की जीभ फसते. दर वेळी हाच खेळ करते मी, शंभरातले शंभर फसतात. मला माहीत असूनही पहिल्या घोटाला मीच फसते."

सासूबाईंनी ग्लास टेबलावर ठेवला. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू त्यांनीच मला घडवलंय. "माझ्या थोरल्या सुनेच्या नाकाक कोण फसवूक शकता? गौरीचा रांदप हीच करतली. सांगलंय मी."

मला एवढा आनंद झाला की मी दुसरा ग्लास मागितला. दुसरी बाटली इटलीची, हलकी, फसफसणारी, खरोखरच गोड. तिसरी काळपट, दाट, काकवीसारखी, त्यात दारू घालून आंबणं मधेच थांबवतात म्हणे, म्हणून द्राक्षाची साखर तशीच राहते. दोन्हींना मी बरोबर गोड म्हटलं. नवऱ्याने मला टाळी दिली. मी जावेकडे विजयाने बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती. चिडून नाही. नुसती बघत होती.

ग्लास विसळायला मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाईंच्या चहासाठी तिने शेगडीवर दूध ठेवलेलं होतं. मी त्याला पाठ करून सिंकपाशी उभी होते. ती आत आली, माझ्या मागून हात घालून गॅस बंद केला आणि पातेलं बाजूला ठेवलं. दूध तळाला लागून काळं झालं होतं. सासूबाई हॉलमधून ओरडल्या, "करपला काय गो?" हॉलमध्ये कळलं होतं. मी हातभर अंतरावर होते.

"माझंच लक्ष नव्हतं, आई," जाऊ तिकडे बघून म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात, "कधीपासून, वहिनी?"

मी नळ मोठा केला. तिने तो बंद केला. शेवटी मी म्हटलं, "तापापासून. आता जा, सांग सगळ्यांना."

तिने फडकं घेतलं आणि ग्लास पुसायला लागली. माझ्या मनात आलं, हिला आता सगळं मिळालं. हिला नाक आहे, आणि माझं नाही हेही हिलाच ठाऊक.

श्रावणभर तिचा फोन आला की मी आधी सासूबाईंचा चेहरा बघायचे. तिने काही सांगितलं नाही. मला तेही सोसेना. तिने सांगून टाकलं असतं तर तिला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

गौरीच्या दिवशी ती सकाळीच लालबागला आली. सासूबाईंना म्हणाली, "मी फक्त खोबरं खवते, बाकी सगळं वहिनी." आणि शेगडीजवळ पाट टाकून बसली. वालाच्या भाजीला वाफ आली तेव्हा मी मिठाचा चमचा शोधत होते. ती विळीवरून मान वर न करता पुटपुटली, "अजून थोडं." मी घातलं. खिरीच्या वेळी म्हणाली, "बस्स." वाटप भाजताना तिचं खवणं थांबलं, म्हणजे मी गॅस बारीक करायचा, हे मला न सांगताच कळलं. नैवेद्य दाखवून झाला. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "ह्या खरा मीठ. दोन वर्सांनी."

जाऊ खाली बघून खोबऱ्याच्या करवंट्या गोळा करत होती. मी जळले. खरंच जळले. वास तिच्याकडे, शब्द तिच्याकडे, आणि आता मोठं मनही तिनेच घ्यावं? मला थोडं तरी ठेवायचं.

पातोळ्या अजून मोदकपात्रात होत्या. मी झाकण काढलं. हळदीच्या पानांची वाफ माझ्या तोंडावर आली, गरम आणि ओली, बाकी काही नाही. या एका वासासाठी मी लहानपणी गौरीची वाट बघायचे. सासूबाई बाहेर गेल्या होत्या.

"कसा येतोय गं?" मी विचारलं.

ती उठून माझ्याशेजारी उभी राहिली. तिने श्वास घेतला. मला वाटलं आता गुलाब सांगेल, संत्र्याचं फूल सांगेल. ती बराच वेळ शोधत राहिली.

"हळदीच्या पानासारखा, वहिनी," ती म्हणाली. "दुसऱ्या कशासारखा नाही."

मी झाकण हातात धरूनच उभी होते. तिचा एवढा हेवा मला त्याआधी कधी वाटला नव्हता.

"परत सांग," मी म्हटलं.