तुर्की ट्युलिप आणि येवल्याचे मोर

शिकागोच्या विमानात मी पिशवी वर ठेवू दिली नाही, मांडीवरच घेऊन बसले. आत माझ्या लग्नातली येवल्याची पैठणी होती. नातीला, इराला, शाळेच्या ग्रॅज्युएशनसाठी त्या पैठणीचं जॅकेट शिवायचं होतं. मी मात्र ठरवूनच निघाले होते: पैठणी दाखवायची, कात्री लावू द्यायची नाही.

तिसऱ्या दिवशी माझी लेक मुक्ता आम्हांला म्युझियममध्ये घेऊन गेली. एका काचेमागे पाद्र्याचा बिनबाह्यांचा झगा होता. मुक्तानं पाटी वाचली, "आई, सिल्क तुर्कस्तानचं आहे, सुलतानांच्या काळातलं. युरोपमध्ये नेऊन कट केलं."

लाल रेशमावर सोनेरी ट्युलिप. काय देखणी वीण! मी तीस वर्षं शिवणवर्ग चालवलेला, त्यामुळे वळसा घालून पाठ बघितली. मागची सगळी फुलं उलटी! कापड वाचवायला शिंप्यानं खांद्यावर शिवणच घेतली नव्हती, अख्खं कापड पुढून तसंच पाठीवर टाकलं होतं. मी आणखी वाकले आणि भोंगा वाजला. पहारेकरीण बाई धावत आल्या. इरानं त्यांना फुलं दाखवली तशा त्या हसत सुटल्या. "रोज इथेच उभी असते, पण हे कधी दिसलं नाही," म्हणाल्या.

मग डेव्हन ॲव्हेन्यू, शिकागोतला देशी बाजार. पार्किंगसाठी तीन फेऱ्या, नंतर झणझणीत पाणीपुरी, आणि शेजारीच शिंप्याचं दुकान.

"आजी, जस्ट मेजरमेंट्स. नो कटिंग, प्रॉमिस," इरा म्हणाली.

हैदराबादच्या मास्टरजींनी पैठणी दुहेरी घातली आणि घडीवर गळ्याची खूण केली. म्हणाले, "कंधे पे जोड नहीं, कपडा बचेगा."

"अहो, थांबा! पाठीवरचे मोर डोक्यावर उभे राहतील!"

"तो आप दिखाइए," म्हणत त्यांनी कात्री पुढे केली. मी खडूनं खांद्याची रेघ मारली, कापड सरळ केलं आणि कापलं.

"आजी, यू कट इट!" इरा ओरडली. तेव्हा कुठे मी भानावर आले. डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

आता साताऱ्यात परत आले आहे. इतकी वर्षं ती पैठणी मी फक्त घडी बदलायला बाहेर काढत होते. परवा मुक्तानं फोनवर चहाडी केली, इरा ते जॅकेट जीन्सवर घालून पिझ्झा खायला गेली म्हणून. डाग पडणार, नक्की पडणार.

पडू दे.