दोन सह्या

फोन उचलण्याआधी तो चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचा. मग समोरच्याला विचारायचा, "जेवलासा काय?" तक्रार त्यानंतर. यंत्रांच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायचा, तशी सक्ती नसताना. मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची धरायचा. आकडे मनात कन्नडमध्ये मोजायचा आणि उत्तर मराठीत सांगायचा. कुणी काहीही काम सांगितलं की म्हणायचा, "करू की." कामाला 'नाही' म्हणताना मी त्याला चार वर्षांत एकदाच ऐकलं.

भीमरत्न गेल्या महिन्यात वारला. एकोणचाळीस वर्षांचा होता. मला अजून त्याच्याबद्दल 'होता' लिहिताना थांबावं लागतं.

तो निपाणीचा. त्याची आई सुलाबाई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. तो इंजिनिअर झाला आणि नऊ वर्षांपूर्वी उचगावच्या नागोजीअण्णांबरोबर मच्छे गावात ही कंपनी सुरू केली. कंपनी नागोजीअण्णांच्या नावावर, काम भीमरत्नच्या डोक्यातलं. गावोगावचे केबलवाले घरोघरी इंटरनेट देतात. त्यांच्या दुकानात आमची एक पेटी असते. कुणाची जोडणी चालू, कुणाची बंद, कुणाला किती वेग, हे त्या पेटीतलं आमचं सॉफ्टवेअर बघतं. मी मराठीत एम.ए. केलं आणि त्या पेटीची माहितीपत्रकं लिहायला लागले.

दोन वर्षांपूर्वी समर्थ आला. शहरात कॅम्प भागात वाढलेला, दहा वर्षं बंगळुरात काढलेला. भांडवल घेऊन आला आणि नागोजीअण्णांच्या बरोबरीचा संचालक झाला. त्याला पेट्या बंद करून मोठ्या कंपन्यांचं काम घ्यायचं होतं. नागोजीअण्णांना पेट्याच हव्या होत्या. पुढे दोघं एका खोलीत बसेनासे झाले. निरोप भीमरत्नकडून जायचे.

"त्या शहाण्याला सांग, केबलवाला हाय म्हणून आपण हाय."

"नागोजींना सांग, दहा वर्षांनी केबलवाला कुठं असेल ते आधी बघा म्हणावं."

भीमरत्न निरोपातले काटे काढून पुढे द्यायचा. मला म्हणायचा, "करिष्मा, तू साहित्य शिकलीस न्हवं? ह्या दोघांना एका वाक्यात बसवून दाव बगू."

एकदा नागोजीअण्णांनी पेट्यांमध्ये एक बदल करायला लावला. आठवड्यानं समर्थनं तो काढायला लावला. त्या ओढाताणीत एका गावाचं इंटरनेट दिवसभर बंद पडलं. तेव्हा भीमरत्ननं नियम सुचवला: दोघांच्या सह्या असल्याशिवाय गावोगावच्या पेट्यांना कुणी हात लावायचा नाही. दोघांनी लगेच मान्य केलं. त्या दिवशी त्यानं सगळ्यांना खव्याचा कुंदा वाटला.

प्रत्येक पेटीला एक परवाना असतो. कागदाचा नाही, सॉफ्टवेअरमधला. तो वर्षातून एकदा मच्छ्यातून नवा करायचा. पाच मिनिटांत सगळ्या पेट्यांचा होतो. मुदत उलटली तर पेटी गावाचं इंटरनेट बंद करते आणि आमच्या ऑफिसातून दिलेला हुकूमही मानत नाही. मग प्रत्येक गावी जाऊनच ती चालू करावी लागते. यंदाची मुदत वीस मार्चची होती.

हेही पेट्यांना हात लावणंच, म्हणून फेब्रुवारीत भीमरत्ननं दोघांच्या सह्यांसाठी कागद फिरवला. नागोजीअण्णांनी सही केली. समर्थ म्हणाला, "सही करतो. पण पुढच्या वर्षी पेट्या बंद, हे त्यांनी आधी लिहून द्यायचं." निरोप गेला. नागोजीअण्णांनी कागद परत मागवला आणि स्वतःची सही खोडली.

मार्च उजाडला. भीमरत्न रोज एकदा वरच्या मजल्यावर समर्थकडे जायचा, एकदा खाली नागोजीअण्णांकडे.

मी भीमरत्नला म्हटलं, "अण्णा, पाच मिनिटांचं काम आहे. करून टाक ना गुपचूप."

"न्हाय."

"का पण?"

"नियम मी केलाय. दुसऱ्यानं मोडला तर चूक म्हणतील. मी मोडला तर मी कोण, कुठल्या वस्तीतनं आलो, ते आठवंल लोकांना."



वीस मार्चला चौसष्ट पेट्या बंद पडल्या. परीक्षेचे दिवस होते. पहिला फोन मालुबाईंचा. नवऱ्याच्या पश्चात निपाणीकडच्या एका गावात त्या केबल चालवतात.

"भीमा, दारात निम्मा गाव उभा हाय रं. काय सांगू मी?"

"मावशी, मी येतो म्हणून सांगा."

त्याच दुपारी दोन्ही संचालक पाच महिन्यांनी एका खोलीत बसले. चाळीस मिनिटांत पत्र तयार झालं. परवान्यांची जबाबदारी भीमरत्नची होती, त्यानं हयगय केली, चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं आहे. खाली दोघांच्या सह्या. पत्राची एक प्रत टाईप करायला माझ्याकडे आली. मी केली.

त्यानं पत्र दोनदा वाचलं. गळ्यातलं ओळखपत्र काढून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "एका गोष्टीवर तरी जमलं त्यांचं."

गावोगावी कंपनीतून कुणीच गेलं नाही. समर्थ म्हणाला, बंद पडल्यात तर पडू देत. नागोजीअण्णा म्हणाले, जुनी पेटी उघडायला येतंय कुणाला? येत होतं त्याला एकट्याला. तो दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून निघाला. कुणी पाठवलं नव्हतं. केबलवाल्यांनी पेट्या घेतल्या होत्या त्या त्याच्या शब्दावर.

पंधरा दिवसांत एकेचाळीस पेट्या झाल्या. फोनवर मला छातीत जळजळतं म्हणायचा आणि गोळ्या चघळायचा.

"डॉक्टरला दाखव."

"तेवीस ऱ्हायल्यात. त्या झाल्या की दावतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. भरमू नावाच्या केबलवाल्याच्या दुकानात होता.

"करिष्मा, हे सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यात हाय. बरं न्हाय ते. सांगतो तसं लिहून घे. कुणालाबी वाचून करता आलं पायजे. अकरा पायऱ्या हायत."

तो पेटीवर काम करत सांगत होता. मी लिहीत होते. सातवी झाल्यावर म्हणाला, "थांब गं, पाणी पितो."

मी थांबले. पंख्याचा आवाज येत होता. मग दुसराच आवाज आला.

"ताई, भरमू बोलतोय. ते खाली बसलेत. बोलंनात."

निपाणीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. अंत्ययात्रेला दोघंही आले. वेगवेगळ्या गाड्यांतून आले, सुलाबाईंना वेगवेगळे भेटले. दोघांनीही त्यांना सांगितलं, फार गुणी माणूस होता.

बावीस पेट्या बंद आहेत. भरमूची तेविसावी अर्धवट. ऑफिसात मी तिघांना माझा कागद दाखवला. इथपर्यंत समजतं, म्हणाले, पुढचं येत नाही. भरमू दर दोन दिवसांनी फोन करतो. पेटीवरचा दिवा लुकलुकतोय, पेटी बंद करू काय, विचारतो. मी नको म्हणते. सातवी पायरी अशी आहे: जुना परवाना पुसा, पेटी चालूच ठेवा. त्याखाली मी आठचा आकडा घालून ठेवला होता. त्याच्यापुढे काही नाही.